माझ्या श्वासाच्या जागा

—नाही हो ताई, हेडफोन इतक्यात नको, विग सरकेल, आत्ताच चिकटवलाय. बसा ना. मेकअपवाले दादा चहाला गेलेत, ते येईपर्यंत खुर्ची तुमचीच. साउंडचं सगळं तुम्हीच बघता ना? मग बरं झालं आलात. आमच्या त्या मैफलीची टेप तुम्ही ऐकलीत म्हणे — मी नाही ऐकलेली अजून, मी एकदम सेटवर ऐकणार, मोठ्या स्पीकरवर. घशाच्या ऑपरेशननंतर माझा आवाज हा असा, बोलण्यापुरता उरलाय, तर दिग्दर्शक म्हणाले, सर, तुमचंच जुनं गाणं लावू, तुम्ही नुसते ओठ हलवा. म्हटलं, हलवतो की! दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलण्यात जन्म गेला, आता आपल्याच गाण्यावर ओठ हलवायचे, त्यात काय अवघड आहे? तुमचा चेहरा का असा उतरलाय पण? जेवलात ना?

मला सिनेमात घ्यायचे ते मरायलाच, बरं का. कधी जज्ज, कधी डॉक्टर, पण बहुतेक वेळा बाप — आणि मध्यंतराच्या आत गचकायचं. आमची ही थिएटरात शेजारी बसलेली असायची, मी पडद्यावर खोकायला लागलो की उठून बाहेर. म्हणायची, तुमचं मरून झालं की बोलवा. मी इथं जिवंत, तिच्या शेजारी, हातात तिची पर्स धरून बसलोय — तरी जायची! आणि गाण्याचं म्हणाल, तर गवई म्हणायचे नट बरा आहे, नट म्हणायचे गातो छान. घरचा ना घाटचा. ती एकटीच म्हणायची, तुम्ही गवई आहात हो, ते मरण्याचं काम आपलं पोटापुरतं.

काय? सांगा सांगा — नाही, आधी माझं ऐका, नाहीतर विसरेन. तंबोऱ्यावर तीच असायची, माझ्या मागे. आणि आमच्यात कसं असतं, गाणारा श्वास घ्यायला थांबला ना, की मागचा माणूस तोच सूर हलकेच धरून ठेवतो, मधे खंड पडायला नको म्हणून. लोक म्हणायचे, काय दम आहे बुवांचा! दम कसला डोंबलाचा? मी श्वास घेत होतो आणि ती गात होती. रेडिओवर म्हणा, कुठे म्हणा, तिच्यापुढे माइक काही कोणी ठेवला नाही. ही टेप मात्र वेगळी. एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यातलं गाणं, आणि त्यांचा टेपरेकॉर्डर खाली सतरंजीवर, नेमका तिच्या गुडघ्यापाशी. म्हणजे ती स्पष्ट येत असणार. येते ना? — थांबा, सांगू नका. ऐकू दे मला.

लेकीला सांगितलं, भूमिका चांगली आहे म्हणून घेतली. कसली चांगली! म्हातारा खिडकीत बसतो, गातो, संपलं. मी या टेपसाठी आलोय हो. ती गेल्यापासून तिचा चेहरा दिसतो मला, हात दिसतात, चिडली की भांडी आपटायची तो दणकासुद्धा येतो कानात — बोलणं नाही येत. आवाजच आठवत नाही तिचा. कानाच्या जोरावर जगलो, एकदा ऐकलेली चाल कधी विसरलो नाही, आणि घरातल्या माणसाचा आवाज गेला. आठवायला जावं तर मधे माझाच येतो. लेकीला कोणत्या तोंडाने सांगू? तिची आई ती. तुम्हाला तरी का सांगतोय, कोण जाणे.

बरं, बरं, लावा बाई, एवढा आग्रह आहे तर. विग गेला खड्ड्यात. हं… हा मी. काय लागलाय हो आवाज! माज होता नुसता. आता बघा हं, आता वरचा षड्ज — इथे मी सोडतो आणि ती —

परत लावा. काहीतरी चुकलंय तुमचं. जरा मागून घ्या. हं… मी… मी… आणि —

साफ केलंय? साफ म्हणजे काय? …मागचा आवाज काढून टाकलात? म्हातारा एकटा आहे, म्हणून. बरोबर आहे, एकट्या म्हाताऱ्यामागे बाई कशी गाईल? लोक विचारतील, ही कोण? पण मग ती साफ न केलेली द्या ना मला. टेप द्या. …तुटली? सगळीच? आणि कॉम्प्युटरवरची कॉपी — तिच्यावरच केलंत साफ. दुसरी ठेवलीच नाहीत? अहो, एखादी तरी — बरं. बरं. रडू नका. तुम्हाला हेच सांगायचं होतं मघापासून, आणि मीच बोलू देईना. तुम्हाला तरी काय माहीत? तुम्हाला वाटलं असेल, कोणीतरी मधेमधे बोलतंय.

नाही नाही, दुसऱ्या कोणाला गायला लावून ते भरू बिरू नका. राहू दे तसंच. तिथे मी ओठ मिटून बसेन.

ताई — साफ करायच्या आधी तुम्ही ऐकलंत ना तिला? म्हणजे शेवटचं तुम्हीच ऐकलंत. कसा होता हो? जाड होता की — जरा गुणगुणून दाखवता का, एवढासा सूर, नुसता — नको. नको, थांबा, तोंड उघडू नका. तुमचाच बसेल डोक्यात. जा तुम्ही. जा म्हणतोय ना.