यादीतली डॉक्टरीण

वेरोना: फाईल तेवढी द्या माझी. बाकी काही नको.

सांदा: मावशी, फाईल अशी हातात देत नाहीत. नवा डॉक्टर मागवून घेतो. हे तुम्हीच शिकवलंत मला.

वेरोना: बाहेरच्या नर्सनेही तेच सांगितलं. बोलते छान. पण नखं केवढी वाढवलीत तिने.

सांदा: म्हणजे डॉक्टर बदलताय तुम्ही.

वेरोना: सोमवारी डॉक्टर ब्लाझेकांकडे फॉर्म भरून आले. सही झाली.

सांदा: मग फाईल पोचेल आपोआप. त्यासाठी एवढ्या धुक्यात सायकल मारत यायची गरज नव्हती. मला काही सांगायला आलात ना? बसा तरी.

वेरोना: उभी बरी आहे. या खोलीत नर्स म्हणून एकतीस वर्षं उभीच होते.

सांदा: आज कॉफीचं पाकीटही नाही आणलंत.

वेरोना: आलं वाटतं लक्षात. डॉक्टरच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ नये, असं आई म्हणायची. कॉफी न्या, अंडी न्या, नाताळ असेल तर खसखशीची गोड गुंडाळी. मीही आजवर तसंच केलं. आज मुद्दाम रिकामी आले. म्हटलं, डॉक्टरीणबाईंना आपल्या पाव किलो कॉफीचं काय कौतुक.

सांदा: कोड्यात नका बोलू.

वेरोना: हा घ्या कागद. जावयाने काढून दिलाय. दामिरने. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो, घरातला बल्ब बदलायला सांगितला तर मान हलवतो. पण हे बरोबर सापडलं त्याला. चष्मा देऊ का माझा?

सांदा: दिसतंय मला. "पेत्राक सांदा, फॅमिली डॉक्टर. व्याख्यानाचं मानधन सहाशे वीस युरो. प्रवास आणि मुक्काम तीनशे दहा." बरोबर आहे.

वेरोना: बरोबर आहे म्हणे! मला वाटलं, तुम्ही म्हणाल नावात घोटाळा झालाय, झाग्रेबमध्ये दुसरी कुणी सांदा पेत्राक असेल. रविवारभर मी तीच दुसरी सांदा शोधत होते मनात.

सांदा: दुसरी नाही. मीच ती.

वेरोना: आम्हाला तर माहीतही नव्हतं असलं काही असतं म्हणून. दामिर सांगतो, औषधाच्या कंपन्या दरवर्षी जूनअखेर यादी लावतात, कुठल्या डॉक्टरला किती दिले त्याची. कुणीही बघावी. आमच्या गल्लीत आता सगळ्यांनी बघितली. बेकरीवाल्या स्लावाने तर फ्रिजला चिकटवलीये.

सांदा: चिकटवू दे.

वेरोना: आणि ही कंपनी तीच ना, जिची गोळी तुम्ही मला फेब्रुवारीत सुरू केलीत?

सांदा: तीच.

वेरोना: व्याख्यान कशावर होतं?

सांदा: त्याच गोळीवर. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसांचं रक्त पातळ कसं ठेवायचं, त्यावर.

वेरोना: म्हणजे माझ्यासारख्यांवर. कुठे होतं?

सांदा: ओपातियाला.

वेरोना: समुद्रावर. जेवायला काय होतं?

सांदा: मासे होते, मावशी. चांगले होते.

वेरोना: असतीलच. बारा वर्षं मी जुनी गोळी खात होते. दर महिन्याला रक्त तपासायला बोट टोचून घ्यायचं, कोबीने गोळीचं काम बिघडतं म्हणून तोही मोजून खायचा. काही बिघडलं होतं का माझं?

सांदा: तुम्हीच म्हणालात ना, टोचून टोचून कंटाळा आला.

वेरोना: कंटाळा आला म्हणाले. बदला म्हणाले नव्हते. नवऱ्याचा, श्टेफचाही मला चाळीस वर्षं कंटाळा येत होता.

सांदा: आणि डॉक्टर ब्लाझेक जुनी गोळी देणार?

वेरोना: ते काय देतील ते देतील. त्यांचं नाव नाही यादीत. दामिरकडून तीन वेळा बघून घेतलं. स्वच्छ माणूस.

सांदा: यादीचं शेवटचं पान आणलंत?

वेरोना: दामिरने तुमचंच पान छापलं. शाई महाग आहे म्हणतो.

सांदा: इकडे या. कॉम्प्युटरवर दाखवते. हे तुमचं पान, आता खाली... आणखी खाली. ही ओळ वाचा.

वेरोना: "नाव जाहीर करण्यास संमती न दिलेले डॉक्टर. एकूण दोनशे अठरा." हे काय?

सांदा: त्यांनाही दिलेत. पण त्यांची नावं छापायची नाहीत. सगळ्यांची मिळून एकच रक्कम.

वेरोना: आणि नावं छापलेले किती?

सांदा: त्रेसष्ट.

वेरोना: असं कसं? यादी आहे ना ही?

सांदा: यादीच आहे. कंपनी आधी फॉर्म पाठवते, तुमचं नाव टाकू का म्हणून. हो किंवा नाही, एवढंच. नाही म्हटलं की तुम्ही त्या ओळीत जाता.

वेरोना: म्हणजे ब्लाझेक त्या ओळीत आहेत.

सांदा: ते मला माहीत नाही.

वेरोना: पण तुम्हाला तसं म्हणायचंय.

सांदा: नाही म्हणायचं. असतील किंवा नसतील. एक पैसाही घेतला नसेल त्यांनी कधी. या कागदावरून ते कळत नाही, एवढंच सांगतेय.

वेरोना: हुशार झालीस ग. हात चिखलात न घालता चिखल उडवलास.

सांदा: उडवला नाही. तुम्ही "स्वच्छ" म्हणालात म्हणून दाखवलं.

वेरोना: मग तू का हो म्हणालीस? दोनशे माणसं सुखात बसलीत त्या ओळीत. तुला कसली घाई होती?

सांदा: घाई कसली. फॉर्म आला, मी "हो"वर खूण केली. वाटलं, लपवण्यासारखं काय आहे. सरळ वागण्याचं जरा समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू.

वेरोना: सरळ! जगाला सांगितलंस. कॉम्प्युटरवर, तेही जूनमध्ये. मी त्याच्या चार महिने आधी, फेब्रुवारीत, याच खुर्चीत बसले होते. तेव्हा तोंडात काय होतं तुझ्या?

सांदा: तेव्हा सुचलं नाही.

वेरोना: बाहेर भिंतीवर गोवराच्या लशीचा कागद, गोचिडीचा कागद, हात धुवा, खोकताना तोंड झाका. त्यात अजून एक कागद मावला नसता? "डॉक्टरीणबाई ओपातियाला जाऊन आल्या, या कंपनीच्या खर्चाने." वाचलं असतं मी.

सांदा: खरं आहे तुमचं.

वेरोना: खरं आहे म्हणून सुटायचं नाही. एक विचारते, सरळ सांग. ते सहाशे वीस मिळाले नसते, तर दिली असतीस मला ती गोळी?

सांदा: बहुतेक दिली असती.

वेरोना: बहुतेक.

सांदा: मला "हो" म्हणायचंय, मावशी. गोळी चांगली आहे, तुमच्या वयाला तर जास्तच. पण व्याख्यानासाठी मी सहा आठवडे तीच गोळी वाचत होते. आकडे, तक्ते, सगळे त्यांनीच पाठवलेले. परत आले, तर समोर बसेल तो माणूस त्या गोळीला योग्य दिसायला लागला. तुम्ही त्यातल्या पहिल्याच. त्यामुळे नक्की काय ते मला माहीत नाही.

वेरोना: बरं केलंस, "हो" म्हणाली नाहीस ते. म्हणाली असतीस तर मी इथून उठलेच असते.

सांदा: उभ्याच आहात तुम्ही.

वेरोना: तेच.

सांदा: हात द्या जरा. नाडी बघू.

वेरोना: नाडीला काय झालंय? आता मी ब्लाझेकांची पेशंट.

सांदा: फाईल अजून माझ्याकडे आहे. द्या हात... मावशी, गोळी घेताय ना तुम्ही?

वेरोना: घेत होते.

सांदा: कधीपर्यंत?

वेरोना: त्या रविवारपर्यंत. दामिरने कागद आणला तोवर. बारा दिवस झाले.

सांदा: बारा दिवस? आणि जुनी?

वेरोना: जुनी कुठली घरात. परत आणून दिली होती मी तुझ्याकडेच, फेब्रुवारीत. शिस्तीची बाई मी.

सांदा: ब्लाझेकांना सांगितलंत?

वेरोना: त्यांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळालीये.

सांदा: नर्स होतात तुम्ही. रक्ताची गाठ झाली तर कुठे जाते, हे मी तुम्हाला सांगू?

वेरोना: नको सांगूस. रोज रात्री झोपताना दोन्ही हात वर करून बघते. सकाळी आरशात तोंड वाकडं नाही ना ते बघते. मग कॉफी पिते.

सांदा: एवढी भीती वाटते, तर गोळी का नाही घेतलीत?

वेरोना: कारण ती हातात घेतली की मला मासे दिसायचे. तू समुद्राकडे तोंड करून मासे खातेस, आणि मी इथे गोळी गिळतेय. घशाखाली जाईना. तुझ्याआधी इथे होते त्या फेलिक्स डॉक्टरांनी दिलेली गोळी मी कधी उलटून बघितली नाही. ते देणार, मी मोजून पुडीत बांधणार. सोन्यासारखा माणूस. कुणाच्या घरी मरणाला जाऊन आला तर गाडीच्या पेट्रोलचेही घ्यायचा नाही. त्यांच्या वेळी नव्हतं हे असलं.

सांदा: नव्हतं का?

वेरोना: नव्हतं म्हणजे... यादी नव्हती.

सांदा: मी काही बोलले नाही.

वेरोना: बोलली नाहीस, पण त्या कोपऱ्याकडे बघितलंस. फ्रिज होता तिथे, तेच ना? तो युद्धाच्या काळातला. दिवसातून चार वेळा वीज जायची, लशी खराब व्हायच्या. कंपनीचा माणूस आला, त्याने फ्रिज पाठवला आणि वर चालवायला जनरेटर. त्या पावतीवर सही माझी आहे. लाज नाही मला त्याची. पोरं वाचली त्या लशींनी.

सांदा: मलाही लाज वाटली नसती.

वेरोना: पण व्हिएन्ना होतं.

सांदा: व्हिएन्ना मला माहीत नाही.

वेरोना: तू आलीस त्याच्या आसपास थांबलं ते. दर वसंतात चार दिवस. डॉक्टर बायकोला घेऊन जायचे, कंपनीच्या पैशाने. आम्हाला सांगायचे, परिषद आहे. असेलही. येताना मला मार्झिपानच्या बदामी मिठाईचा डबा आणायचे, लाल रिबिनीचा. मी रिबिनी जपून ठेवायची लेकीच्या, नेवेन्काच्या वेण्यांना... आणि एका वर्षी व्हिएन्नाहून आल्यावर आम्ही सगळ्या गावाला पिवळी गोळी द्यायला लागलो. गुडघा दुखला, पिवळी. कंबर दुखली, पिवळी. मीच पुड्या बांधत होते. श्टेफलाही दिली.

सांदा: मावशी...

वेरोना: त्याचं पोट नंतर कधी नीट राहिलं नाही. गेला तो हृदयाने, पोटाने नाही. पण जेवण झालं की टेबलाला धरून बसायचा. मी म्हणायची, ब्रँडी कमी कर. पंधरा वर्षं मी त्या माणसाला ब्रँडीवरून बोलले.

सांदा: ब्रँडीनेही झालं असेल. गोळीनेच झालं असं आता कुणी सांगू शकणार नाही.

वेरोना: तेच तर. विचारायचं कुणाला? फेलिक्स डॉक्टर गेले. कागद कुठे नाही. त्यांच्याविरुद्ध मी एक शब्द ऐकून घेणार नाही, तुझ्याकडून तर नाहीच. आणि आता घरी जाऊन त्यांचा फोटो भिंतीवर बघवणार नाही मला. हे केलंस तू.

सांदा: मी केलं?

वेरोना: तू, दामिर, तुमची यादी. काय करायचंय ते कर. बसते मी.

सांदा: बसा. आता ऐका. जुनी गोळी हवी असेल तर देते. बोट टोचून घ्या दर महिन्याला, कोबी मोजा. पण ती लागू पडायला दिवस जातात, तुम्हाला माहीत आहे. बारा दिवस तुम्ही गोळीशिवाय उघड्यावर आहात. आज लगेच काम करणारी एकच आहे माझ्याकडे.

वेरोना: त्यांची.

सांदा: त्यांची.

वेरोना: सोयीचं आहे.

सांदा: आहे. ब्लाझेकांना आत्ता फोन लावते, तुमच्यासमोर. त्यांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका.

वेरोना: नको लावूस. तेही हेच सांगतील. मीसुद्धा हेच सांगितलं असतं. पाणी दे.

सांदा: गोळी?

वेरोना: पर्समध्येच आहे. टाकवली नाही.

(वेरोना पाकिटातली गोळी उलटीपालटी करून दोन्ही बाजूंनी बघते, मग पाण्याबरोबर गिळते.)

सांदा: अर्धा तास इथेच बसा. बाहेर थंडी आहे. फाईलचं काय करू?

वेरोना: गुरुवारपर्यंत राहू दे. ब्लाझेकांना विचारणार आहे मी, त्या ओळीत ते आहेत का म्हणून.

सांदा: चिडतील.

वेरोना: चिडले तर कळेलच.

सांदा: मावशी, आणखी एक आहे. नोव्हेंबरमध्ये मला पुन्हा बोलावलंय त्यांनी.

वेरोना: ओपातियाला?

सांदा: या वेळी वाराझदिनला. गोळी तीच.

वेरोना: देणार किती?

सांदा: तेवढेच.

वेरोना: जाणार आहेस?

सांदा: अजून कळवलं नाही.

वेरोना: काय कळवशील ते मला सांग. पण दामिरला यादीत सापडायच्या आधी.