टॉवर पडला त्याचं कारण

नाही, तिकडं नाही साहेब — खणायचं तर या अंगानं खणा, ट्रॅक्टर इथूनच वळला होता. मी सांगतोय ना. टॉवर माझ्या शेतात, पडला माझ्या गोठ्यावर, मग कारण मला माहीत असणार की तुम्हाला? तुम्ही आज आलात टॉवरवाल्यांच्या ऑफिसातनं, तपासाला. राग नका मानू — माझं बोलणंच असं, बायको म्हणते तुम्ही पाणी मागितलं तरी समोरच्याला वाटतं भांडण काढलं. खणा, खणा, मी बसतो इथं बांधावर. कमरेत उसण आहे, नाहीतर फावडं घेतलं असतं.

तर तारा होत्या तीन बाजूंना, टॉवर ताणून धरायला — प्रत्येक तार जमिनीत पुरलेल्या सळईला बांधलेली. माझं लग्न व्हायच्या आधीपासून उभा. वादळं काय कमी आली? हलला नाही. आणि जावयानं या कडेला नांगरट केली, आठवडा झाला नाही तोवर ही तार सुटली आणि सगळं धाडकन खाली. गुरं बाहेर होती म्हणून वाचली. आता एकाला एक जोडायला शाळा लागते का? मी तिथल्या तिथं बोललो, चार माणसं जमली होती त्यांच्यासमोर — की ट्रॅक्टर शेत नांगरायला दिला होता, माझा गोठा पाडायला नाही. आणखीही बोललो. त्याच्या बापावरनं — जाऊ द्या, ते तुमच्या कामाचं नाही. तो एवढंच म्हणाला, "मामा, माझा फाळ सळईला लागलेला नाही." मी म्हटलं, खोटारडा. पोरीनं आतनं पिशवी आणली, चपला घातल्या, दोघं गेली. आता माझी कंबर धरली म्हणून तो स्वतःचं काम टाकून आला होता, हे खरं — पण म्हणून काय मी गप्प बसायचं?

काय? सळईचा वरचा तुकडा? तो काय, तारेला लटकून गवतात पडलाय तेव्हापासून. मी उचलून पाहिला नाही. कशाला पाहायचा, मला माहीतच होतं. पुसा, पुसा, चिखल काढा — फाळाचा ओरखडा दिसेल बघा. आणि खड्ड्यातनं हे काय काढलंत? ही ती सळई नव्हे. ती मनगटाएवढी होती, दरवर्षी मी स्वतः रंग द्यायचो तिला. ही तर गाजरासारखी निमुळती — जोडून दाखवता? दाखवा. हां. बसली की बरोबर. म्हणजे वर रंग, आणि खाली ओल्या मातीनं खाल्ली? लोखंड? काळं म्हणजे जुनं तुटलेलं, आणि ही मधली चण्याएवढी चकाकी तेवढीच नवी — मग इतकी वर्षं टॉवर या चण्याएवढ्यावर धरला होता? नीट बघा. द्या इकडं, मी पुसतो. कुठंतरी घासलं असेल. ह्या बाजूला — नाही, हा गंज. इथं — हाही गंजच. कुठंच नाही?

पोरीचा फोन येतो, तिच्या आईला. मी दाराबाहेर उभा राहतो. गुरांची चौकशी करते, कोंबड्यांची करते. माझं नाव नाही निघत. तुम्ही कागद पाठवाल, त्यात सगळं लिहाल — मी काय करू कागद घेऊन? त्याच्या दारात उभं राहून वाचू? बोलायला गेलो तर पहिल्याच वाक्याला आवाज चढेल, मला माझं माहीत आहे.

थांबा, दोन्ही गाडीत नका घालू. तुटलेली तोंडं दोन्हींची सारखीच ना? मग खालचा तुकडा तुमचा, वरचा माझा. नियम तुमच्या ऑफिसात सांगा, हे माझं शेत आहे. फोटो काढायचेत तर काढा, भरपूर काढा. झालं? द्या. तसाच द्या, पुसू नका आता. आणि निघा तुम्ही, खड्डा मी बुजवीन नंतर. मला जायचंय.