चार मिनिटं दहा सेकंद

हरेश : नको, माइक मी लावतो. शर्टाला क्लिप अडकवायला पीएच.डी. लागत नाही.

दीक्षा : उलटा लागलाय, सर.

हरेश : असू दे. आवाज दोन्हीकडून जातो.

दीक्षा : जात नाही. द्या इकडे. आणि खुर्ची जरा पुढे घ्या, मागे खाली जनरेटर चालू आहे.

हरेश : सगळ्या स्टाफला असंच दामटतेस का? वर्षभरात एकोणीस प्राध्यापकांना व्हिडिओ बनवायला शिकवलंस म्हणे. सुचिता मॅडम तर तुझं नाव घेतल्याशिवाय चहाला तोंड लावत नाहीत.

दीक्षा : सुचिता मॅडम दर शनिवारी ट्रेनिंगला बसल्या. तुम्ही एकदाच आलात.

हरेश : आलो ना. पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे भूगोल शिकलेली पोरगी सगळ्यांसमोर मला सांगत होती, ‘सर, इथे क्लिक करा, तिथे नको.’ परत यायची हौस राहिली नाही.

दीक्षा : आज तरी ऐका. पाच वाजेपर्यंत तुमचं दहा मिनिटांचं लेक्चर पोर्टलवर गेलं नाही, तर टीवायचा किनारी भूगोल तुमच्याकडून जाणार. प्राचार्यांनी लेखी दिलंय.

हरेश : आणि कुणाकडे जाणार?

दीक्षा : सर, आपण सुरू करूया ना.

हरेश : चोवीस वर्षं शिकवला तो पेपर मी. कुणाकडे जाणार, बोल ना.

दीक्षा : माझ्याकडे. मी मागितला नव्हता.

हरेश : तुला मागावं कुठे लागतं? आपोआप मिळतं सगळं.

दीक्षा : आपोआप? तासिका तत्त्वावर चार वर्षं काढलीत मी इथे. तुमच्याच डिपार्टमेंटमध्ये, तुमच्याच डोळ्यांसमोर.

हरेश : बरं, बरं. चिडू नकोस.

दीक्षा : चिडले नाही. एक विचारायचंय. माझ्या भरती-ओहोटीच्या व्हिडिओत काय चुकलंय?

हरेश : मला काय माहीत? मी कुठे बघितलाय?

दीक्षा : नाही बघितला?

हरेश : मला तेवढाच उद्योग आहे? बघायला पोरं आहेत की तुझ्या मागे.

दीक्षा : सदतीस वेळा बघितलाय तुम्ही.

हरेश : कोण बोललं?

दीक्षा : पोर्टल. कॉलेजच्या आयडीने बघितलं की माझ्याकडे नाव येतं, तारीख येते, कुठवर बघितलं तेही येतं. पहिल्याच ट्रेनिंगला सांगितलं होतं हे.

हरेश : मी चहाला गेलो असेन तेव्हा.

(हरेश माइकची वायर बोटाभोवती गुंडाळत राहतो. ती कुठे जोडलीय हे त्याला आता माहीत नसल्यासारखं.)

दीक्षा : यादीत सगळ्यात वर तुम्ही. दुसरा मितेश, त्याची एटीकेटी आहे म्हणून. त्याने सहा वेळा बघितलाय.

हरेश : पुरे झालं.

दीक्षा : आणि दर वेळी चार मिनिटं दहा सेकंदांवर बंद. मला वाटलं, तिथे माझा काहीतरी घोळ आहे आणि सर मुद्दाम सांगत नाहीयेत. रविवारी मोऱ्याच्या जेट्टीवर जाऊन बसले. दशमी होती. साडेसातला पाणी भरतं का बघायला.

हरेश : भरलं?

दीक्षा : भरलं.

हरेश : भरणारच! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमीला साडेसात. ते तुझं गणित नाय, माझ्या आयचं हाय! आय शाळेची पायरी चढली नाही, पण बोलायची, ‘आज अष्टमी हाय, सा वाजता पानी भरंल, जाल्याकरं ध्यान ठेव.’ दर वर्षी टीवायच्या पहिल्या तासाला मी हे सांगतो. या वर्षी सांगायला लागलो तर जागृती उभी राहून म्हणते, ‘सर, हे दीक्षा मॅडमचं आहे. व्हिडिओत आहे.’

दीक्षा : ती असं म्हणाली?

हरेश : अख्ख्या वर्गासमोर. जळलो मी. हो, जळलो, बोलतोय ना! रोज तिथवर बघायचो, तू आयचं गणित फळ्यावर मांडलंस की डोकं फिरायचं, आणि बंद करायचो.

दीक्षा : पुढे एकदाही नाही बघितलं?

हरेश : पुढे काय बघायचंय?

दीक्षा : लावते. ऐका.

व्हिडिओतली दीक्षा : ‘...म्हणजे अष्टमीला सहा वाजता. तर मित्रांनो, हे गणित मला हरेश भोईर सरांनी शिकवलं. त्यांना त्यांच्या आईने, सारसोळ्याच्या पुतळाबाईंनी. त्या खाडीत जाळं लावायच्या...’

हरेश : बंद कर.

दीक्षा : पाच सेकंद थांबला असतात तर. जागृतीही तुमच्यासारखीच आधी बंद करत असणार.

हरेश : बंद कर म्हटलं ना.

दीक्षा : केलं. आता गेला राग?

हरेश : नाही.

दीक्षा : सर!

हरेश : खोटं कशाला बोलू? वाढला उलट. नाव घेतलं नसतंस तर बरं झालं असतं. तुला चोर म्हणून मोकळा झालो असतो. आता काय म्हणू? तू माझ्यापेक्षा छान सांगतेस, एवढंच उरलं. ते दोन्ही हातांनी पाणी वर येताना दाखवतेस ना, आयलासुद्धा तुझंच आवडलं असतं. ह्याचं काय करू मी, सांग.

दीक्षा : ह्याचं ट्रेनिंग नाही माझ्याकडे.

हरेश : किती वाजले?

दीक्षा : साडेचार.

हरेश : चालू कर.

दीक्षा : लाल दिवा लागला की बोला. कॅमेऱ्याकडे बघा, माझ्याकडे नको. हं.

हरेश : नमस्कार. तर मित्रांनो, आज आपण खाडीचं पाणी... थांब. थांबव ते.

दीक्षा : का? छान चाललं होतं.

हरेश : चोवीस वर्षांत मी वर्गात कधी ‘मित्रांनो’ म्हटलंय?

दीक्षा : नाही. तुम्ही ‘ए पोरांनो, पंखा कमी करा’ म्हणून सुरुवात करायचात.

हरेश : आणि हात बघितलेस माझे? दोन्ही वर गेले होते.

दीक्षा : बघितले. काही बिघडत नाही, पुन्हा घेऊ.

हरेश : घेऊ. तू बाहेर जा.

दीक्षा : मध्येच काही अडलं तर?

हरेश : अडू दे. तू समोर असलीस की मी तुझ्यासारखा बोलायला लागतो.