सुपारीचं बूच

किल्ल्या दाराशी दिल्यात ना मंडळी? एक माणूस गाड्यांच्या किल्ल्या गोळा करत होता. का, ते नंतर सांगतो. टाळ खाली ठेवा. आज आधी प्रश्न, मग भजन.

ज्याच्यावर आपली भक्ती, त्याची वस्तू जपायची की त्याचा शब्द?

सोपं वाटतंय? माना डोलवू नका. रामलिंग खोपडेलाही सोपंच वाटत होतं.

आणि या गोष्टीतलं मरण मी आत्ताच सांगून टाकतो. गोदाक्का मरते. आता वाचेल, मग वाचेल, अशी आशा धरून कोणी बसू नका. आपल्याला बघायचंय ते वेगळंच आहे.

तर कोण हा रामलिंग? जीपवाला. वर कोंडघर, खाली पेठ, मध्ये अठरा वळणांचा घाट. बारा वर्षं हेच. दहा माणसं, तांदळाची पोती, टोपलीत कोंबड्या. त्याच्या गाडीत बायका घाट उतरताना झोपायच्या, एवढा विश्वास. हे सगळं त्याला शिकवलं कोणी? पेठेतल्या गॅरेजच्या इस्माईल उस्तादांनी. रामलिंग त्यांना देवच मानायचा.

आता उस्ताद काय म्हणाले ते नीट ऐका. रामलिंगनंही ऐकलं होतं—

"ब्रेक ऑईल म्हणतात म्हणून हे तेल समजू नको. दुसरं कसलं तेल ओतलंस तर आतली रबरं फुगून बसतील. टाकीच्या झाकणावर जो नंबर छापलाय, तोच आणायचा. आणि याला पाण्याची हाव आहे. हवेतलं पाणी पितं हे. बाटली एकदा फोडली की उरलेली ठेवायची नाही. दोन वर्षं झाली की गाडीतलं सगळं काढायचं, नवं भरायचं. पातळी बघून फसू नको. टाकी भरलेली असेल आणि आतलं मेलेलं असेल."

"मेलेलं ओळखायचं कसं, उस्ताद?"

"डोळ्यांनी नाही कळत. म्हणून तर तारीख लिहून ठेवायची, गाढवा."

हसलात. बरं झालं. आता हसायला फारसं मिळणार नाही.

उस्ताद गेले. माती देऊन आल्यावर रामलिंग गॅरेजात उभा राहिला. फळीवर ब्रेक ऑईलची अर्धी बाटली होती, उस्तादांनी फोडलेली. त्यांच्या मुलीला, शमीमला, तो म्हणाला, "ताई, ही मला द्या. त्यांच्या हातची आहे." गॅरेज आता शमीमच चालवत होती. तिला वाटलं, आठवण म्हणून मागतोय. दिली.

त्यानं ती कुठे ठेवली? देव्हाऱ्यात. खंडोबाच्या टाकाशेजारी. झाकण फुटलेलं होतं म्हणून वर सुपारी खोचली, सुपारीला कुंकू लावलं. दर दसऱ्याला गाडी धुवायची, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, बोनेट उघडायचं आणि त्या बाटलीतलं थोडं टाकीत ओतायचं. पातळी काठोकाठ. हात जोडायचे.

मग बाटली संपली कशी नाही? इथे बायकांनी कान द्या. विरजण कसं ठेवता तुम्ही? आदल्या दह्यातलं चमचाभर राखून त्यावर नवं दूध. तसंच. बाटली तळाला आली की रामलिंग नवी आणायचा, अगदी बरोबर नंबरची, आणि त्या जुन्या बाटलीत ओतायचा. उस्तादांचा हात त्यात राहावा म्हणून. किती गोड वाटतं ऐकायला.

नऊ दसरे. नऊ पावसाळे त्या सुपारीच्या फटीतून आत गेले. आणि गाडीतलं जुनं? ते कधी काढलंच नाही. टाकी भरलेली होती ना.

—मृदंगबुवा, इथे थाप नको. हा भाग कोराच जाऊ द्या.

सकाळी आठची फेरी. गोदाक्का पुढे, डाव्या बाजूला. पेठेत लेकीकडे, सुलभाकडे, नातवाचं बारसं होतं. मांडीवर तिनं स्वतः शिवलेलं दुपटं.

"रामलिंगा, हळू घे रे. दुपटं चुरगळेल."

"दुपटं की तुम्ही, अक्का?"

"मी काय, चुरगळूनच जन्माला आलेय."

मागचे हसले. पुढे लाकडाचा ट्रक होता, गोगलगाईसारखा. त्याच्या मागे अकरा वळणं रामलिंगचा पाय ब्रेकवरच. भरलेली गाडी, तापलेली चाकं. त्या उष्णतेनं तेलानं प्यायलेलं पाणी आत उकळलं. वाफ झाली. तेल दाबलं तर जोर चाकापर्यंत जातो. वाफ दाबली तर नुसती दबते.

बाराव्या वळणावर पेडल खाली गेलं. थेट फरशीला. पुन्हा दाबलं. चिखलात पाय घातल्यासारखं. हँडब्रेक ओढला, गिअर पाडला, भरलेली गाडी काही ऐकेना. उजवीकडे दरी, डावीकडे डोंगर. त्यानं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

डावीकडे गोदाक्का बसली होती.

पुढचं सांगत नाही.

नऊ माणसं जगली. रामलिंग जगला. दुसऱ्या दिवशी सरकारी माणूस आला, त्यानं पेडल दाबलं. कडक! गाडी थंड झाली होती ना, वाफेचं परत पाणी झालं होतं. त्यानं लिहिलं, ब्रेक चांगला आहे. रामलिंग सांगत राहिला, पेडल खाली गेलं होतं. लोक म्हणाले, धक्का बसलाय बिचाऱ्याला. दरी टाळून नऊ जीव वाचवले पठ्ठ्यानं. ग्रामपंचायतीनं सत्कार ठरवला.

सत्काराच्या आदल्या दिवशी शमीम भेटायला आली. देव्हाऱ्याकडे बघून थांबली.

"ही अब्बांची बाटली ना? मी दिली तेव्हा अर्धी होती. भरली कशी?"

त्यानं सांगितलं. अभिमानानं सांगितलं. तिनं पर्समधून तेलातलं पाणी ओळखणारं पेनासारखं यंत्र काढलं, सुपारी उपटली, टोक आत बुडवलं. लाल दिवा. अंगणात मोडकी जीप ओढून आणून ठेवली होती. तिच्या टाकीत बुडवलं. लाल.

"ताई, मी दर दसऱ्याला—"

"पूजा केलीस, रामलिंगदादा. ऐकलं नाहीस."

तो खालीच बसला. म्हणाला, "आता काय करू?"

"कागदावर ब्रेक चांगला आहे. मी कुठे बोलणार नाही. पण ते मला विचारू नकोस."

मंडळी, सुटायला वाट होती. सरकारचा कागद होता, गावाची शाल होती. तुम्ही काय केलं असतं? मोठ्यानं नका सांगू.

सत्काराला सुलभा पहिल्या रांगेत, मांडीवर बाळ. बाळ त्याच दुपट्यात. एका कोपऱ्याला डाग होता, धुऊन न गेलेला. सरपंचांनी शाल उलगडली आणि रामलिंगनं त्यांचा हात धरला. सगळं बोलला. बाटली, सुपारी, नऊ वर्षं.

"बस खाली, रामलिंग," सरपंच म्हणाले, "तुझी तब्येत बरी नाही."

सुलभा उठली. "ते तेल बदलायला वेळ किती लागतो?"

"तास," तो म्हणाला. "फार तर तास."

तिनं मान हलवली. बाळाला खांद्यावर घेतलं आणि निघून गेली. त्यानंतर ती आजतागायत त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. त्यानं पोलिसांत तोच जबाब दिला. लायसन गेलं. खटला चालू आहे.

आता माझ्याकडे नाही, स्वतःच्या घराकडे बघा. रेशमी फडक्यातली पोथी, दर चतुर्थीला तिला हळदकुंकू. आतलं पान शेवटचं कधी उलटलं? भिंतीवर वडिलांचा फोटो, ताजा हार. जाताना ते काय सांगून गेले? आठवतंय? हार मात्र रोज बदलतो आपण.

किल्ल्या घेणारा माणूस रामलिंग खोपडेच आहे. शमीमताईंचं यंत्र आहे त्याच्या हातात. बाहेर तेवीस गाड्या आहेत, सातांच्या काचेवर खडूची रेघ आहे. ज्याच्या काचेवर रेघ असेल त्यानं आज गाडी इथेच सोडावी आणि दुसऱ्याबरोबर घरी जावं. रामलिंगच्या पाया पडायचं नाही. तो सांगेल ते ऐकायचं.

आणि पहिली रेघ माझ्या गाडीवर आहे. चार वर्षं झाली तेल बदलून. गाडीपुढे टांगलेलं लिंबू मात्र मी दर शनिवारी बदलतो.

लावा आरती.