हात धरायचं पान

आमच्या बचत गटात कडक भाकरी करपायला कारण झाली एक कादंबरी, आणि ती वाचत होते मी. माझा हात भाजलेला, म्हणून बाकीच्या बायका भाकऱ्या थापायच्या आणि मी कॉलेजातल्या प्रेमाची गोष्ट मोठ्यानं वाचायचे. त्या दिवशी तो तिचा हात धरणार, तेवढ्यात सगळ्यांचेच हात थांबले आणि तव्यावरची भाकरी काळी झाली.

गट चालवणाऱ्या शांतामावशी कडाडल्या, "संध्याकाळी दुकानात माल द्यायचाय. भांडणाचं पान काढ, हात तरी चालतील."

मी भांडण वाचलं. धपाधप भाकऱ्या झाल्या, माल वेळेत गेला. मी निघाले, तर मावशींनी गॅस बंद केला.

"बस की गं जरा. धरला का न्हाय त्यानं हात?"