जंगलाची गोल वाट अन् आमचे दाजी

आमच्या दाजींची अक्कल सांगतो, आधी चहा खाली ठेवा. हिमायतनगरकडं जंगलात लेकराबाळांना चालता येईल अशी एक गोल वाट हाय, गेटापासून निघून परत गेटावरच येणारी. घरचे सगळे तिथं गेलो. वाट जवळपास सगळी चालून झाली अन् दाजी थांबले. "लई लांब आलो. आल्या वाटेनं परत फिरा!"

म्हणलं, "दाजी, वाट गोल हाय. गेट फुडंच हाय."

"तू मला शिकवून राहिला का?"

बाबांनी माझ्यावरच डोळे वटारले. जावयाचा शब्द कोण मोडणार? लेकरांसकट सगळी वरात उलटी फिरली. आई तेवढी डबा घेऊन फुडं गेली.

घामाघूम होऊन गेटवर पोचलो, तर आई जेवून सुपारी कातरत बसलेली.

दाजी म्हणले, "मामी, शॉर्टकट मारला का?"

"न्हाई जावईबापू. मी फक्त तुमचं ऐकलं न्हाई."