बाबांच्या कोटाची बाही

...नाही, पण तुम्हाला सांगतो, एका घराण्याला इतिहास असावेत तरी किती? पॅरिसातलं कॉर्वाल हे कपड्यांचं घराणं, ‘ब्रुम’, म्हणजे धुकं, हे त्यांचं जुनं अत्तर, आणि दुकानावरच्या छोट्या संग्रहालयात दोन्हींचा इतिहास सांगणारा मी, ओदिलाँ. जाहिरातवाली सोलान्ज म्हणते, "घराणं काढणाऱ्या थोरल्या मादामना धुक्यात प्रियकर दिसला, त्यावरून अत्तर सुचलं." शिवणखोलीतली म्हातारी बर्त म्हणते, "कसला डोंबलाचा प्रियकर? गिऱ्हाइकांचे लोकरी कोट पावसात भिजले की मेंढीसारखे वास मारायचे, ते झाकायला केलं." आता खरं कुठलं? मी आपला सकाळी प्रियकर सांगायचो, जेवणानंतर मेंढी...

तर सोमवारी नव्या मालकीणबाई, मादाम क्लोतिल्द, पाच बाटल्या घेऊन हजर. "मस्यू ओदिलाँ, ब्रुमची कृती इतक्यांदा बदलली की मूळची कुठली ते कुणालाच आठवत नाही. तुम्ही रोज इतिहास सांगता ना? ओळखा. नाहीतर ब्रुम बंद, संग्रहालयही बंद." म्हणजे मीही बंद.

अत्तरात बुडवलेली कागदाची पट्टी नाकाशी धरली. पहिली ब्रुम. दुसरीही ब्रुमच. तिसरीला शिंक आली. सोलान्ज एका कानाशी, "प्रियकर आठवा." बर्त दुसऱ्या कानाशी, "मेंढी आठव रे." खरं कुठलं? आता आमच्या धंद्यात नाक थकलं की आपल्याच बाहीचा वास घेतात, नाक ताळ्यावर येतं. घेतला. तर बाहीलाच ब्रुम... पण निराळंच, ओल्या मेंढीच्या डोक्यावर कुणी फुलं ठेवावीत तसं.

"मादाम," म्हटलं, "हे या पाचांतलं नाही."

अंगातला कोट माझ्या बाबांचा. ते या दुकानाचे दरवान होते. थोरल्या मादाम रोज सकाळी त्यांच्या बाहीवर अत्तर फवारायच्या, दार उघडलं की गिऱ्हाइकाच्या नाकात आधी बाही जावी म्हणून. बर्तने बाही हुंगली. "हेच रे, ओदिलाँ. हेच."

"यात प्रियकर कुठाय पण?" सोलान्ज.

मादाम क्लोतिल्द एवढंच म्हणाल्या, "मस्यू, कोट काढा."

काढला. त्या वासावरून मूळची कृती जुळवली. ब्रुम वाचलं, संग्रहालय वाचलं, मी वाचलो. कोट गेला काचेच्या पेटीत, आणि खाली पाटी लावली सोलान्जने: ‘थोरल्या मादामच्या प्रियकराचा कोट.’

परवा आई येऊन गेली. पाटी वाचली, चष्मा पुसून परत वाचली, आणि म्हणाली, "तरीच मेला हा कोट कधी धुऊ देत नव्हता."

आता खरं कुठलं, ते मला विचारू नका. मी हल्ली सकाळीसुद्धा मेंढीच सांगतो.